लाल फडक्याची गाठ

आबा, परवा या हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी समाजाच्या मंडळाचा सचिव माझ्याकडे येऊन गेला. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आता त्यांना तुमची आठवण झाली आहे. सभागृहाच्या मागे नवी खोली बांधली आहे, तिला तुमचं नाव द्यायचं आहे, दारावर संगमरवरी पाटी लावायची आहे आणि पाटीवर तुमच्या आयुष्याच्या पाच ओळी कोरायच्या आहेत. ओळी त्यानेच लिहून आणल्या होत्या. मी वाचून, बरोबर आहे म्हणून, खाली सही करायची एवढंच. मी चहा ठेवला आणि आधी विचारलं, "एकोणीस वर्षांनी आत्ताच का आठवलं?" तो हसायला लागला. "आत्या, तुम्ही पण ना! चांगल्या कामात पण शक करता." करतेच. छत्तीस वर्षं रजिस्ट्री ऑफिसात लोकांच्या सह्या, अंगठे आणि साक्षीदार तपासले आहेत. जो माणूस फार हसून कागद पुढे करतो, त्याचा कागद मी दोनदा वाचते.

पाच ओळींपैकी चार ठीक होत्या. फौजेत नोकरी, मग परत येऊन मंडळाचं काम, गणपतीच्या मिरवणुकीची व्यवस्था, समाजातल्या विधवा बायकांचे पेन्शनचे कागद करून देणं. सगळं खरं. दुसरी ओळ मात्र अशी होती: "शत्रूशी लढताना मांडीत गोळी झेलली व कायमचे अपंगत्व पत्करले." मी तिथेच थांबले. सही केली नाही. चष्मा बदलायला झाला आहे, सावकाश वाचते, असं सांगून त्याला वाटेला लावलं. रविवारी पाटी लागणार आहे आणि दगड कोरणारा थांबून राहिला आहे, असं तो जिन्यातूनही ओरडून सांगत होता.

तुम्हाला गोळी लागली नव्हती, आबा. हे मला एकोणीस वर्षांपासून माहीत आहे. तुम्ही गेल्यावर आईच्या पेन्शनसाठी तुमची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा फौजेतून सुटताना मिळालेलं तुमचं डिस्चार्ज बुक हाती आलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की तुम्ही खेचरांच्या कंपनीत होतात, पहाडातल्या चौक्यांवर रसद पोचवायचात आणि ओझं बांधत असताना खेचराची लाथ बसून तुमचा उजवा गुडघा कायमचा गेला. मांडी नाही, गुडघा. गोळी नाही, लाथ. मी ते पान बोट ठेवून वाचलं आणि मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? रडू नाही आलं. राग आला. खासगी बाजाराच्या आपल्या उभ्या मोहल्ल्यात माझे आबा गोळी लागलेले फौजी म्हणून ओळखले जात होते. दुकानदार तुम्हाला बसायला खुर्ची द्यायचे, नव्या सुनांना लोक तुमच्या पाया पडायला आणायचे. आणि कुणी गोळीचा विषय काढला की तुम्ही काय करायचात? गप्प बसायचात. टोपी काढून पुन्हा घालायचात आणि म्हणायचात, "चला, कामं पडलीत." नाही म्हटलं नाहीत कधी. माणूस गप्प बसतो तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी असतं, हे मी माझ्या नोकरीत रोज बघत होते. मी ठरवून टाकलं की हा खोटेपणा तुमचा आहे आणि तुम्ही तो आयुष्यभर फुकट वापरलात. आईजवळ विषय काढला नाही. तुमच्या फोटोला दसऱ्याला हार घातला, पण फोटोच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.

संशय घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत, हेही खरं. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. दूध आलं की बोट बुडवून थेंब नखावर धरायचा. भाजीवाल्याने वजन केलं की तागडीखाली हात घालून बघायचा. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस कुणावरच भरवसा ठेवत नाही. पुढे कळलं की ही सवय ओझ्याची होती. खेचर निघण्याआधी दोर तीनदा ओढून बघायचा, कारण पहाडात एक गाठ सरकली तर ओझं जातं, जनावर जातं आणि त्याच्याबरोबर माणूसही. तुमची ती गाठ तर आपल्या समाजात प्रसिद्धच होती. गणपती गाडीवर बांधायचा तर आबांना बोलवा. लग्नाचं सामान टेंपोवर चढवायचं तर आबांना बोलवा. कुणाच्या घरी माणूस गेलं तरी पहिला निरोप तुम्हाला यायचा, आणि तुम्ही गुडघा ओढत, सुतळीचं बंडल काखेत मारून निघायचात. तिरडी तुम्हीच बांधायचात. तुम्ही गेलात तेव्हा ती गाठ कुणालाच येईना. चारजणांनी मिळून कशीबशी बांधली आणि माझं सगळं लक्ष डाव्या कोपऱ्यातल्या सैल सुतळीकडेच होतं.

तुमच्यावर पाळत ठेवायची सुरुवात मात्र माझी नव्हे, आईची. दर सोमवारी सकाळी तुम्ही सदऱ्याच्या खिशात गूळ-चणे भरून बाहेर पडायचात आणि तासाभराने रिकाम्या खिशाने परत यायचात. कुठे जाता हे सांगायचं नाही. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "गूळ-चणे कुणी माणूस खातं का एवढे? कुठं तरी कुणी तरी आहे." मी तेव्हा बारा वर्षांची होते. एका सोमवारी मी शाळेला निघाले आणि तुमच्या मागे मागे आले. तुम्ही सरळ गोरखी वाड्यापुढच्या टांग्यांच्या अड्ड्यावर गेलात. तिथे एका म्हाताऱ्या घोडीचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतलात, खूर बोटांनी चाचपलात, टांगेवाल्याला काही तरी सुनावलंत आणि मग तळहातावर गूळ ठेवून तिच्या तोंडापुढे धरलात. मी पानाच्या ठेल्याआड उभी. तुम्ही न वळता म्हणालात, "ये बाहेर." मी आले. तुम्ही मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. एवढंच म्हणालात, "विचारायचं असतं. मागे मागे यायचं नसतं."

ते मला फार लागलं. घरी येऊन आईला सांगितलं की घोडीला चारतात. आईचा विश्वास बसला नाही आणि खरं सांगायचं तर माझाही पुरता बसला नव्हता. मला वाटलं, मी ठेल्याआड आहे हे तुम्हाला आधीच कळलं असेल, म्हणून घोडीचं नाटक केलं असेल. बारा वर्षांच्या पोरीचं डोकं बघा कुठे कुठे चालतं. पण तुम्ही सांगितलंत तसं विचारलं मात्र नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

मग ती खंडेनवमीची पुरचुंडी. आपल्याकडे नवमीला शस्त्रं पुजतात, तुम्ही पणजोबांची तलवार पाटावर मांडायचात, हळद-कुंकू लावायचात आणि तलवारीशेजारी लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवायचात. मुठीएवढं, जड. त्यालाही तेवढंच हळद-कुंकू, तेवढंच फूल. "हे काय आहे?" असं एकदा पाहुण्यांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "माझं हत्यार." आणि विषय संपला. मी ती पुरचुंडी चोरून चाचपून पाहिली आहे. आत लोखंड होतं आणि कागदही कुरकुरत होता. सोडवायला गेले तर गाठ तुमची. मला वाटायचं, आत गोळी आहे, तुमच्या मांडीतून काढलेली. डिस्चार्ज बुक वाचल्यावर वाटलं, आत कुणा दुसऱ्याचं पदक असेल, म्हणून तर लपवता. तुम्ही गेल्यावर ती माझ्याकडे आली. सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये तलवार ठेवायला जागा नाही, ती मंडळाला दिली, पण पुरचुंडी कपाटात आहे. दर नवमीला काढते, फूल वाहते, परत ठेवते. सोडवली कधीच नाही. गाठ सुटत नाही, हे मी स्वतःला दिलेलं कारण. खरं तर भीती वाटायची. एक खोटं उघडं पडलं होतं, आणखी एक नको होतं.

तर परवा सचिव गेला आणि माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला. ही गोळी आली कुठून? कुणी तरी पहिल्यांदा सांगितलं असेल ना? मी त्याला फोन केला. "ही दुसरी ओळ कुणी सांगितली तुला?" तो म्हणाला, "माझ्या आईने. आईला सब पता है, ती तर तुमच्याच वर्गात होती ना?" होती. खासगी बाजारात आमच्या समोरच्या घरात राहायची, माझ्या बाकावर बसायची. मला लगेच वाटलं, धागा सापडला. तिचे वडील तुमच्याबरोबर पत्ते खेळायचे. तुम्ही त्यांना थाप मारली असणार, त्यांनी घरी सांगितली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा करून मी तिच्याकडे गेले. मनात प्रश्न लिहून नेल्यासारखे तयार होते.

तिचे गुडघे गेलेत, पलंगावरच बसून असते. मी आडून आडून सुरुवात केली. पहिल्यांदा कुणाकडून ऐकलं, कधी, समोर कोण होतं. तिने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"अगं, काय विचारून राहिलीस? तूच तर सांगितलं होतं."

"मी?"

"मग कोण! तिसरीत. ती दिवाणांच्या घरची मॉनिटर होती बघ, दोन वेण्यांची. ती सगळ्यांसमोर म्हणाली, इसके आबा कहाँ के फौजी, खच्चर हाँकते थे. सगळा वर्ग हसला. तू बाकावर उभी राहिलीस आणि म्हणालीस, खच्चर-बिच्चर काही नाही, माझ्या आबांच्या मांडीत गोळी घुसलीय, मी स्वतः पाहिलीय जखम. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. म्हणून तर सव्वीस जानेवारीला त्यांना शाळेत बोलावलं. विसरलीस?"

मी म्हटलं, "तुझी काही तरी गफलत होते आहे. पुरावा काय?"

"पुरावा!" ती एवढी हसली की तिला खोकला आला. "बाई, तू अजून ऑफिसातच आहेस का? मला पक्कं आठवतं, कारण त्याच्या आधी तुमच्याकडे नवमीला पाटावर ती नाल उघडीच असायची. खच्चराची नाल. आम्ही पोरी हातात घ्यायचो. आबा आम्हाला गूळ-चणे द्यायचे आणि सत्तावीस नंबरच्या खच्चरीची गोष्ट सांगायचे, बर्फात ती कशी अडून बसली आणि पुढे कडा कोसळला, ती. नंतरच्या वर्षी आलो तर नाल फडक्यात बांधलेली, आणि गोष्ट मागितली तर म्हणाले, आता आठवत नाही बेटा."

मी चहा अर्धा टाकून उठले. रिक्षात बसून तिच्यावरच संशय घेत घरी आले. सत्तर जवळ आलं, हिचं डोकं चालत नसेल. मुलाने खोटी ओळ लिहिली, त्याला पाठीशी घालते असेल. मॉनिटर वेगळी असेल, पोरगी वेगळी असेल. "मला आठवत नाही" असं म्हणणारे किती साक्षीदार माझ्या टेबलापुढे येऊन गेले, आणि त्यातल्या एकावरही मी कधी विश्वास ठेवला नाही. आता मीच स्वतःला तेच सांगत होते.

घरी आल्यावर पुरचुंडी काढली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि बसले. तुम्ही टेंपोवर दोर बांधताना एकदा मला म्हणाला होतात की ही गाठ ओढली तर घट्ट होते, ढिली सोडली तर सुटते, म्हणून आधी ओझं थोडं वर उचलायचं. मी फडकं खालून उचललं, गाठीवरचा ताण काढला, आणि ती सुटली. इतकी वर्षं मी ती ओढतच होते.

आत नाल आहे. खेचराची, घोड्याच्या नालेपेक्षा अरुंद, एका बाजूने झिजलेली. तिच्यावर हळदीचे थरावर थर. त्याखाली शाळेचं सन्मानपत्र, चार घड्या घातलेलं. बाईंचं वळणदार अक्षर मी लगेच ओळखलं. "रणांगणावर मांडीत गोळी लागून जखमी झालेल्या वीर पालकांचा सत्कार." खाली तारीख, सव्वीस जानेवारी, आणि मी तिसरीत होते तेच वर्ष. आणि ते लाल फडकं म्हणजे नारळाबरोबर तुम्हाला दिलेलं तेच कापड, कडेला बारीक जर आहे. कागद अस्सल आहे, आबा. मी उजेडाला धरून पाहिला. एवढं झाल्यावर मग सगळं आठवलं, न बोलावता.

सकाळची थंडी आहे. आम्ही पटांगणात सतरंजीवर रांगेत बसलो आहोत. तुम्ही काळा कोट घालून व्यासपीठावर, दुखरा पाय पुढे लांब करून. बाई माइकवर वाचतात, मांडीत गोळी लागून, आणि तुमची मान एकदम वर होते. तुम्ही बाईंकडे बघत नाही. तुम्ही रांगांमध्ये मला शोधता. मी समोरच्या मुलीच्या वेणीआड लपते. टाळ्या वाजतात. तुम्हाला दोन शब्द बोलायला सांगतात, तुम्ही उभे राहता, टोपी काढून पुन्हा घालता आणि म्हणता, "मी माझी ड्यूटी केली. मुलांनो, अभ्यास करा." एवढंच. मग तुम्ही खाली बसता. मॉनिटर तोंडात बोट घालून बघते आहे आणि मी, देवा, मी खूश आहे.

घरी जाताना तुम्ही माझं दप्तर घेतलंत. शाळेत वाटलेला लाडू तुम्ही खाल्ला नव्हता, तो मला दिलात. मी वाट बघत होते की आता तुम्ही विचारणार. गोळीचं कुणी सांगितलं, असं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, मॉनिटरचं नाव घ्यायचं. पण दाराशी आल्यावर तुम्ही एकच विचारलंत, "शाळेत कुणी त्रास देतं का गं?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही मान हलवलीत, आणि त्यानंतर जन्मभर पुन्हा विचारलं नाहीत.

तुमच्या मनात तेव्हा काय होतं ते आता मला कोण सांगणार? अंदाज मात्र बांधता येतो, तेच काम केलं आहे मी. सत्तावीस नंबरची गोष्ट एकदा जरी पुन्हा सांगितली असतीत, नाल एकदा जरी पाटावर उघडी ठेवली असतीत, तर वर्गात माझी छी-थू झाली असती. म्हणून तुम्ही तुमचं खरं फडक्यात बांधलंत आणि माझं खोटं गावभर फिरू दिलंत. कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस, आणि घरच्या पोरीची थाप त्याने आयुष्यभर अंगावर वागवली. पेन्शनच्या कागदात एका शब्दाची चूक दिसली तर तुम्ही बायकांना उन्हातून परत पाठवायचात, म्हणायचात, "खोटं लिहिलं की पुढं त्रास." आणि खेचरांबद्दल बोलायला तुम्हाला गावात माणूस उरला नाही, म्हणून सोमवारी खिसा भरून टांग्याच्या अड्ड्यावर जायचात. मी तिथेही तुमच्या मागे आले. आई तर मरेपर्यंत त्या सोमवारांबद्दल कुरकुरत होती. मला लाज वाटते आहे, आबा. फार वाटते आहे.

काल मी दुसरी ओळ खोडली आणि माझ्या हाताने नवी लिहिली: "पहाडी चौक्यांवर खेचरांवरून रसद पोचवली, कर्तव्यावर असताना खेचराची लाथ बसून गुडघा अधू झाला, तरी ओझं चौकीवर पोचवलं." शेवटचा तुकडा डिस्चार्ज बुकात आहे, मी मनाने घातलेला नाही. खाली सही केली आणि सचिवाला बोलावलं. त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा पडला.

"आत्या, खच्चर लिहायचं? पत्थर पे? लोग हँसेंगे."

"हसू देत. तेच लिहायचं."

"आणि गोळी?"

"गोळी लागलीच नव्हती."

तो कागद घडी करून खिशात घालत होता. दारात चप्पल घालता घालता त्याने सहज विचारलं, "पण मग ही गोळीची बात आली कुठून? सगळा समाज बोलतो, कुणी तरी तर सुरू केली असेल ना?"

आबा, मी तुमच्यासारखी टोपी घालत नाही, म्हणून चष्मा काढून पुसला. आणि म्हटलं, "काय माहीत रे, लोक काहीही बोलतात."

त्याने विश्वास ठेवला. घरी जाऊन आईला विचारेल तेव्हा काय होईल ते होईल, चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मी कालपासून फोनकडे बघते आहे. नाल उघडीच ठेवली आहे, तुमच्या फोटोपुढे. या पत्राला पत्ता नाही, हे मी नालेखालीच ठेवीन. रविवारी पाटी लागली की सगळ्यांसमोर उभी राहून मी सांगणार आहे की गोळी मी मारली होती, असं ठरवलं आहे. पण हे ठरवणारी बाई मला चांगली माहीत आहे, आणि तिच्या शब्दावर मी माझी सही करणार नाही.